मागची लहान चक्री

सायकल शेवटची ज्या गिअरमध्ये चालवली असेल, त्याच गिअरमध्ये ती उभी राहते. महिने जातात, वर्षं जातात. टायरमधली हवा उतरते, सीटवर धुळीचा थर बसतो, ब्रेकची रबरं कडक होतात. चेन मात्र जागची हलत नाही. माझ्या सायकलची चेन मागच्या सर्वांत लहान चक्रीवर होती. म्हणजे सर्वांत जड गिअर. सायकल शेवटची चालवली त्या दिवशी पायात जोर होता आणि रस्ता सपाट होता, एवढं त्यावरून कळलं. त्या दिवसाचं बाकी काहीच मला आठवत नाही.

आपण डायरी लिहितो तेव्हाही थोडं सावरून लिहितो. फोटो काढताना पोट आत घेतो. चेनला असलं काही जमत नाही. ती जिथं असते तिथं असते.

सायकल दुरुस्तीला दिली तेव्हा दुकानातल्या मामांनी मागचं चाक उचलून हाताने फिरवलं आणि एक डोळा बारीक करून बघत राहिले. "आऊट आहे थोडं. काढतो," म्हणाले. "छर्रे कोरडे पडलेत. ओव्हरहॉलिंगच करून टाकू." मग चक्रीकडे बोट करून, "हे एक बरं केलंत. लहान चक्रीवर ठेवली ते. वायर ढिली राहिली, ताण नाही बसला." मी काहीच केलेलं नव्हतं. पण ऐकून गंमत वाटली. पायाला जो गिअर सर्वांत जड, तोच वायरीला सर्वांत हलका.

मामांचं आणखी एक म्हणणं होतं. सायकल चालवून जेवढी खराब होते, त्याच्या दुप्पट उभी राहून होते. दुप्पट हे माप त्यांनी कुठून काढलं, कोण जाणे. पण हे बोलताना ते हबमधले छर्रे एकेक करून रॉकेलच्या वाटीत टाकत होते, त्यामुळे पटलं.

सोलापूर शहराचा पूर्वभाग मागे टाकून अक्कलकोट रोडला लागलं की एमआयडीसी येते. इथले कारखाने रस्त्यावरून फारसे दिसत नाहीत, ऐकू येतात. यंत्रमागांचा खटखटाट पत्र्याच्या शेडमधून बाहेर येतो. सायकल पुढे सरकते तसा एका शेडचा ताल विरतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो. मोटारीत काचा वर असतात, मोटारसायकलवर आपल्याच इंजिनाचा आवाज. सायकलवर मात्र कुठला माग बंद आहे तेही कळतं. इथला टॉवेल आणि इथली चादर या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, आणि सोलापूरचं नाव या दोन्हींनीच घरोघरी नेलं. सकाळी रात्रपाळी सुटते, दिवसपाळी लागते. टपरीवर तेलुगू, कन्नड आणि मराठी एकाच कपबशीतून पिऊन होते. ज्यांची झोप संपली आहे आणि ज्यांची अजून सुरू व्हायची आहे, असे दोघे एकाच बाकावर बसलेले असतात.

या रस्त्यावर मी पुन्हा सायकल घेऊन आलो. का थांबलो होतो, हे सांगण्यासारखं काही नाही. अपघात नाही, आजारपण नाही. एका रविवारी गेलो नाही. पुढच्या रविवारी पाहुणे होते. मग उन्हाळा आला, आणि सोलापूरचा उन्हाळा कोणतंही कारण द्यायला कमी पडत नाही. बहुतेक गोष्टी आपण सोडत नाही. त्या सुटतात, आणि सुटल्या हे बऱ्याच उशिरा कळतं.

बसलो तेव्हा पडलो नाही, हे पहिलं समाधान. शरीर तोल विसरत नाही असं म्हणतात, ते खरं आहे. तोल ही मोठी विलक्षण गोष्ट आहे. 2011 साली डेल्फ्ट आणि कॉर्नेल या विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी एक चमत्कारिक सायकल बनवली. सायकल उभी राहते ती फिरत्या चाकांमुळे आणि पुढच्या चिमट्याच्या ठेवणीमुळे, असं तोवर बहुतेक जण धरून चालत. त्यांनी ही दोन्ही कारणं त्या सायकलमधून काढून टाकली. तरीही वर कोणी बसलेलं नसताना ती तोल सांभाळत धावली. पोरं अंगणात दुपारभरात जे शिकतात, ते नेमकं कशामुळे जमतं हे सांगणं शहाण्यांनाही सोपं गेलेलं नाही.

तोल राहतो. दम राहत नाही. सराव थांबला की काही आठवड्यांतच शरीरातल्या रक्ताचं प्रमाण घटतं, हृदय एका ठोक्याला पूर्वीइतकं रक्त पुढे ढकलत नाही. इथं तर वर्षांचा हिशेब होता. आठवत असलेलं आणि उरलेलं यांच्यातलं अंतर माणसाला पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्येच कळतं. तळहाताची करंगळीकडची बाजू बधिर होते. बसण्याची दोन हाडं आपल्याला आहेत, हे मधली सगळी वर्षं लक्षातही आलेलं नसतं. मान वर धरून समोर बघणं हेसुद्धा एक काम आहे, आणि ते करणारे स्नायू वेगळे आहेत.

चेन अजून लहान चक्रीवरच होती. मामांनी सगळं साफ करून ती पुन्हा जिथल्या तिथं बसवली होती, आणि मीही ती तशीच राहू दिली होती. या गिअरमध्ये पॅडलच्या एका फेरीला सायकल पावणेनऊ मीटरच्या आसपास पुढे जाते. पाय जोमात असतील तर ही चैन आहे. नसतील तर प्रत्येक फेरी म्हणजे गुडघ्यावर हात ठेवून जिना चढणं. बोटाने लिव्हर दाबला की चेन खळकन मोठ्या चक्रीवर जाते. एवढंच काम. त्याला ना ताकद लागते ना वेळ. तरी कुंभारी गाव येईपर्यंत बोट काही तिकडे गेलं नाही.

हे असं का होतं, याचा मी बराच विचार केला. अभिमान म्हणावं तर बघायला कोणी नव्हतं. मला वाटतं, परत येणाऱ्याला आपण नव्याने आलो आहोत असं वाटतच नाही. मधे फक्त थोडा खंड पडला, असं वाटतं. पुस्तकात खूण घालून ठेवावी आणि त्याच पानापासून पुढे वाचावं, तसं. पुस्तक तेच असतं, हे खरं. वाचणारा तोच असतो का, हे खुणेला माहीत नसतं.

रस्ता तरी कुठं तोच होता? मी थांबलो होतो, तो थांबला नव्हता. आता चौपदरी झाला आहे, मधे दुभाजक आहे. कुंभारीत विडी कामगारांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत 2006 मध्येच उभी राहिली होती. त्यानंतर तिथंच रे नगर झालं, आणि 19 जानेवारी 2024 रोजी पंधरा हजार घरांच्या किल्ल्या वाटल्या गेल्या. जिथं मी ज्वारीची रानं आणि वेड्या बाभळी बघत जायचो, तिथं आता दोऱ्यांवर कपडे वाळतात आणि कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. बायका पिशव्यांत विड्यांचे कट्टे घेऊन रिक्षाची वाट बघत उभ्या असतात. विडी कारखान्याच्या ब्रँचला माल द्यायचा असतो. एमआयडीसीतल्या एका वळणाशी मात्र पॅडल आपोआप हळू होतात. 18 मे 2025 च्या पहाटे इथल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. मालकाच्या घरचेही होते, कामगाराच्या घरचेही. पहाटेची ही वेळ मला तेव्हापासून पूर्वीसारखी निर्मळ वाटत नाही, आणि तसं वाटावं असा हट्टही नाही.

परतीच्या एका सकाळी मागून एक काळी सायकल आली आणि मला ओलांडून गेली. जुनी बावीस इंची, मागे कॅरिअर, कॅरिअरला रबरी पट्ट्याने बांधलेला डबा. चालवणारे गृहस्थ साठीकडे झुकलेले. ते जोर लावत नव्हते. पॅडल सावकाश, एका लयीत फिरत होती. पुढे टपरीपाशी ते थांबले, मीही थांबलो.

"गिअरची हाय का, सर?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कितीला बसली?"

मी किंमत सांगितली. सांगताना आवाज आपोआप खाली आला. त्यांनी ऐकून मान डोलावली, आश्चर्य वगैरे काही दाखवलं नाही.

"कुठवर जाऊन आला?"

"वळसंगपर्यंत, अण्णा."

"काय काम होतं?"

"काम काही नाही. असंच."

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग "बरं हाय," म्हणाले, चहा संपवला, आणि मागांच्या गल्लीत वळले.

त्यांच्या सायकलला एकच गिअर. त्या काळ्या सायकली बहुतेक अशा बांधणीच्या असतात की पॅडलच्या एका फेरीला पाच-सव्वापाच मीटर जातील. मिनिटाला पन्नास फेऱ्या मारल्या की ताशी पंधरा-सोळा किलोमीटर. सायकलच्या कारखान्याने हा हिशेब कधीतरी एकदा करून ठेवला: सपाट रस्ता, पाठीमागे ओझं, दमलेला माणूस. त्यानंतर त्या सायकलवर बसणाऱ्या कोणालाच तो पुन्हा करावा लागला नाही. आज कोणत्या वेगाने जायचं, असा प्रश्नच पडत नाही. माझ्या सायकलवर तो दर दोन मिनिटांनी पडतो.

मात्र या सायकलचं फार कौतुक करायला मला अवघड वाटतं. गाडी घ्यायला जमली, तर अण्णा उद्या ही सायकल भंगारात देतील आणि बरोबरच करतील. पाळी संपवून उन्हातून सायकल मारत घरी जाणं हा काही छंद नव्हे. सायकलकडे परत येणं हे ज्याला ती सोडता आली त्यालाच परवडतं. अण्णांनी ती सोडलेलीच नाही. त्यामुळे परत येण्याचं कौतुकही त्यांना नाही आणि दुःखही नाही. एवढं लक्षात ठेवून मग आपण आपल्या छंदाचं बोलावं.

छंदाचंच बोलायचं तर फ्रान्समधले रोबेर मार्शाँ आठवतात. जन्म 1911. तरुणपणी शर्यती केल्या, पुढे पोटामागे धावताना सायकल सुटली. अग्निशमन दलात होते, व्हेनेझुएलात ट्रक चालवला, कॅनडात लाकूडतोड केली. पासष्टी उलटल्यावर ते पुन्हा सायकलवर बसले. म्हणजे माझ्या खंडाच्या कितीतरी पट मोठा खंड. 2012 मध्ये, शंभराव्या वर्षी, त्यांनी एका तासात 24.25 किलोमीटर अंतर कापलं. दोन वर्षांनी त्याच तासात 26.927 किलोमीटर. वय वाढलं आणि अंतरही वाढलं. याच काळात वेरोनिक बिला या शरीरक्रियाशास्त्राच्या अभ्यासिकेने त्यांची तपासणी केली. 101 ते 103 या दोन वर्षांत त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता 13 टक्क्यांनी वाढली होती. या वयात ती घटते, वाढत नाही, असा सगळ्यांचा समज.

मला त्यातला एक बारीक आकडा जास्त आवडला. मार्शाँ यांच्या पॅडलच्या फेऱ्या मिनिटाला जास्तीत जास्त 69 होत्या, त्या 90 पर्यंत गेल्या. ताकद वाढली ती मुख्यतः अशी. जड गिअर रेटून नव्हे, पाय भराभर फिरवून. आणि सरावाचा बहुतेक भाग तर ते सहज, दम न लागता करत. 2017 मध्ये, 105 व्या वर्षी, त्यांनी तासात 22.547 किलोमीटर केले. त्या वयाचा गटच नव्हता, तो सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला त्यांच्यासाठी नव्याने काढावा लागला. शेवटची दहा मिनिटं उरल्याची पाटी दिसली नाही, नाहीतर आणखी जोरात गेलो असतो, अशी कुरकुर त्यांनी नंतर केली. 2021 मध्ये, 109 वर्षांचे होऊन, ते गेले.

शंभराव्या वर्षी सायकल चालवणाऱ्याला एक मोठं सुख असतं. त्याची तुलना विशीतल्या त्याच्याशी कोणी करत नाही. करायला ते साक्षीदारच उरलेले नसतात. आपण मधल्या वयाचे लोक तेवढे सुदैवी नाही. आपला साक्षीदार आपल्याच खोगिरावर, आपल्याच मागे बसलेला असतो, आणि तो सारखा सांगत राहतो की इथं आपण तिसाने जात होतो.

त्याला गप्प करायला वारा उपयोगी पडतो. अक्कलकोट सोलापूरच्या आग्नेयेला. पावसाळ्यात वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. त्यामुळे त्याच वाटेवरच्या वळसंगकडे जाताना तो पाठीशी असतो आणि येताना समोर. जाताना वाटतं, अरे, पाय अजून तसेच आहेत. कानाशी वाऱ्याचा आवाज नसतो, कारण आपण त्याच्याबरोबरच चाललेलो असतो. वळसंगला सायकल वळवली की खरा हिशेब सुरू होतो. दोन्ही बाजूंना झाड नाही, आडोसा नाही, काळी रानं दूरवर पसरलेली. छातीवर हात ठेवून कोणी तरी मागे ढकलतंय असं वाटतं. अशा वेळी बोट आपसूक लिव्हरवर जातं. एक चक्री मोठी, मग आणखी एक. पाय हलके होतात, वेग उतरतो, श्वास लयीत येतो. शेजारून चालत जाणारे स्वामीभक्त दिसू लागतात. गुरुवार असला की सोलापूरहून अक्कलकोटला पायी निघालेले असतात. कोणी अनवाणी, कोणाच्या खांद्यावर झोळी. ते उलट दिशेने चाललेले, त्यांना वारा पाठीशी. कोणी हात वर करतो, "श्री स्वामी समर्थ" म्हणतो. आता तसंच उत्तर द्यायला माझ्याकडे दम शिल्लक असतो. जड गिअरमध्ये नुसती मान हलवता येत होती.

एमआयडीसी पुन्हा लागते तोवर दिवसपाळी लागलेली असते. सगळे माग सुरू. त्या मोठ्या चक्रीवर माझा वेग अण्णांच्या वेगाएवढाच भरतो, कधी थोडा कमी. जुन्या दिवसांच्या मानाने हा वेग फार कमी आहे, आणि आजच्या दिवसाला पुरतो.

तुमच्याही घरात गॅलरीत किंवा जिन्याखाली अशी एखादी सायकल उभी असेल, तर काढा. पण हवा भरून लगेच निघू नका. जुन्या टायरचं रबर कडेने तडकलेलं असतं, ते वरवर बघून दिसत नाही. टायर, ट्यूब आणि ब्रेकची रबरं नवी घाला. आपल्या भागात सराटे आणि बाभळीचे काटे फार, तेव्हा एक जादा ट्यूब आणि छोटा पंप जवळ असू द्या. आणि दिवाळीच्या आगेमागे ऊस सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पहाटे रस्त्यावर असतात. त्यांच्या मागे बहुधा दिवा नसतो. तुमच्या सायकलला मात्र मागचा लाल दिवा लावा, आणि उजाडल्यावरही तो बंद करू नका.